अंथरूण पाहून

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण आपण काटकसरीचा उपदेश म्हणून वापरतो. परंतु या म्हणीत एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली आहे. अंथरूण ज्याचे त्याचे असते, हे ते गृहीतक. ते आखूड असेल, विरलेले असेल, पण त्यावर पाय पसरणारा आणि ते पाहून पाय आवरणारा माणूस एकच असतो. घरात हे बहुतांशी खरेही असते. रुग्णालय, तुरुंग, लष्करी बराक, मनोरुग्णालय, वसतिगृह अशा ठिकाणी मात्र म्हणीचा हा पायाच निसटतो. तेथे अंथरूण एकाने ठरवलेले असते, दुसऱ्याने विकत घेतलेले असते, तिसऱ्याने धुतलेले असते आणि त्यावर झोपणारा चौथाच कोणी असतो. तोही चार दिवसांनी निघून जातो आणि त्याच गादीवर पाचवा येतो.

अशा अंथरुणाकडून संस्थेच्या दोनच मागण्या असतात. ते स्वच्छ राहावे आणि ते टिकावे. या दोन मागण्या ऐकायला सोप्या वाटतात, पण गेल्या सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला तर त्या एकमेकींशी सतत भांडत आलेल्या दिसतात. जे टिकते ते धुता येत नाही, जे उकळता येते ते टिकत नाही, आणि जे टिकते व धुताही येते ते अंगाला सोसवत नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी गाद्या-चादरींच्या या भांडणात का लक्ष घालावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की हा इतिहास आपल्याला प्रामुख्याने लेखनातूनच भेटतो. पाहणी-अहवाल, नियमपुस्तिका, परिचारिकांसाठी लिहिलेली पुस्तके हे त्याचे साधन आहे, आणि अंथरुणाविषयीच्या प्रत्येक वाक्यात त्यावर झोपणाऱ्या माणसाविषयीची एक समजूत दडलेली असते. ती समजूत वाचणे हे आपलेच काम आहे.

तुलनेसाठी आधी घरातले अंथरूण पाहू. आपल्याकडची गोधडी ही टिकाऊपणाची एक वेगळीच कल्पना मांडते. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे पदर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी विरली की तिच्यावर आणखी एक थर चढतो. कापसाची गादी दबून कडक झाली की पिंजारी बोलावून कापूस पुन्हा पिंजून घेतला जाई आणि खोळ बदलली जाई. मधल्या काळात तिला ऊन दाखवणे, झटकणे, ढेकूण वेचणे ही घरातल्या कुणाची तरी नेमाची कामे असत. म्हणजे वस्तू मुळात अक्षय असावी अशी अपेक्षाच नव्हती. ती वरचेवर नवी केली जात असे, आणि ती नवी करणाऱ्यांना तिच्यावर कोण झोपतो हे ठाऊक असे. संस्थेतील अंथरुणाला असा माणूस नसतो. ही उणीव वस्तूच्या रचनेतून भरून काढायची खटपट म्हणजेच आपल्या विषयाचा इतिहास होय.

या इतिहासाचा आरंभ कापडाने किंवा कापसाने होत नाही, तो फूटपट्टीने होतो. पॅरिसच्या ओतेल-द्यू या प्राचीन रुग्णालयात १७७२ साली मोठी आग लागली. त्यानंतर ते नव्याने कसे बांधावे यावर वर्षानुवर्षे खल झाला. विज्ञान अकादमीने त्यासाठी नेमलेल्या समितीत लाव्हाज्ये आणि लाप्लास यांच्यासारखी माणसे होती. तिच्यातलेच एक शल्यविशारद झाक तनों यांनी १७८८ साली पॅरिसच्या रुग्णालयांवर आपला प्रबंध प्रसिद्ध केला. तनों यांनी खाटा मोजल्या. एकूण १,२१९ खाटांपैकी ४८६ एकेकट्या माणसासाठी होत्या आणि उरलेल्या ७३३ मोठ्या होत्या. मोठ्या खाटेची रुंदी ५२ इंच. तिच्यावर चार रुग्ण झोपवले तर प्रत्येकाच्या वाट्याला १३ इंच येत आणि सहा झोपवले तर पावणेनऊ इंचही येत नसत. हे इंच जुने फ्रेंच, म्हणजे इंग्रजी इंचापेक्षा किंचित मोठे, पण त्याने सहाव्या माणसाला फारसा दिलासा मिळाला नसता. ताप आलेल्याशेजारी हाड मोडलेला, आणि मरणाऱ्याशेजारी बरा होऊ घातलेला, अशी ती व्यवस्था होती.

तनों यांच्या पानांवर हळहळ फार नाही. त्यांनी भागाकार केला आणि उत्तर लिहिले. योगायोग असा की त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडमधील प्लिमथ येथे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध चळवळ करणाऱ्यांनी 'ब्रूक्स' नावाच्या जहाजाचा आराखडा छापला. त्यात प्रत्येक गुलाम पुरुषाला आडवे होण्यासाठी सहा फूट लांब आणि १६ इंच रुंद जागा दाखवली होती. त्याच सुमारास ब्रिटिश आरमारातील खलाशाला आपला झोळणा टांगण्यासाठी नियमाने १४ इंच मिळत. अर्धे खलाशी पहाऱ्यावर असल्याने प्रत्यक्षात त्याला काहीशी अधिक जागा मिळे, ही गोष्ट वेगळी. धर्मादाय रुग्णालय, युद्धनौका आणि गुलामांचे जहाज यांचे हेतू किती भिन्न! तरीही झोपलेल्या माणसाची रुंदी या तिन्ही ठिकाणी जवळजवळ एकच निघते. एवढ्या रुंदीत माणूस उताणा मावत नाही, त्याला कुशीवरच झोपावे लागते, आणि कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही बदलावी लागते. कूस बदलण्याचा हक्क हा माणसाचा अगदी प्राथमिक हक्क आहे, हे आम्हांला या आकड्यांनीच प्रथम समजावले.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ साली, राष्ट्रीय परिषदेने हुकूम काढला की एका खाटेवर एकच रुग्ण असावा आणि दोन खाटांमध्ये किमान तीन फूट अंतर असावे. हुकूम लगेच सर्वत्र अमलात आला असे नाही. परंतु संस्थेच्या अंथरुणाच्या इतिहासात याहून मोठा शोध नंतर लागलेला नाही, असे आमचे मत आहे. पुढे आलेले लोखंड, घोड्याचे केस, वाफ, प्लॅस्टिक हे सारे या एका वाक्यानंतरचे तपशील होत. एका देहाला एक अंथरूण हे ठरल्याखेरीज स्वच्छ अंथरूण म्हणजे काय, हा प्रश्नच उभा राहत नाही.

रुग्णालयात हा प्रश्न दाटीचा होता, तर तुरुंगात तो अंथरूणच नसण्याचा होता. बेडफर्डशायरचा शेरीफ झाल्यावर जॉन हॉवर्ड याने इंग्लंडमधले तुरुंग एकामागून एक पालथे घातले आणि १७७७ साली आपला अहवाल छापला. अनेक तुरुंगांत कैद्यांना निजण्यासाठी गवताच्या काडाचीही तरतूद नव्हती. जेथे ते मिळे तेथे महिनोन्‌महिने बदलले जात नसे आणि शेवटी त्याचा भुगा होई. कुणी चिंध्यांवर निजत, कुणी उघड्या फरशीवर. काड देण्यासाठी सरकारी पैसा नाही, देतो ते आमच्या पदरचे, असे तुरुंगाधिकारी सांगत. या कोठड्यांचा वास हॉवर्डच्या कपड्यांना इतका चिकटे की बंद गाडीत बसणे अशक्य होऊन तो घोड्यावरून प्रवास करी. टिपणवहीची पानेदेखील विस्तवापुढे तास-दोन तास धरल्याशिवाय त्याला हाताळता येत नसत.

पेंढ्याच्या अंथरुणाला आपण आज दारिद्र्याची खूण समजतो, पण रचनेच्या दृष्टीने त्यात एक शहाणपण होते. ताज्या काडाने भरलेली जाड्याभरड्या कापडाची खोळ मऊ असते, उबदार असते, आणि घाण झाली की काड जाळून खोळ धुता येते. येथे स्वच्छता टिकाऊपणातून येत नाही, टाकून देण्यातून येते. मात्र तिची एक अट असते. कुणीतरी ठरल्या दिवशी ते काड काढून जाळले पाहिजे आणि नवे आणले पाहिजे. ती अट मोडली की तेच काड तुरुंगज्वराचे घर बनते. हॉवर्डच्या अहवालातील दोष काडाचा नव्हता, तर न आलेल्या त्या दिवसाचा होता. हॉवर्ड स्वतः १७९० साली रशियन साम्राज्यातील खेरसन येथे तापाने वारला.

अंथरुणाची रचना हा पुस्तकात स्वतंत्र प्रकरण देण्याजोगा विषय आहे, हे मराठी वाचकालाही परिचित असलेल्या एका बाईने दाखवून दिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या तेव्हा तेथे चादरी नव्हत्या असे नाही. परंतु त्या इतक्या राठ तागडी कापडाच्या होत्या की जखमी शिपाई, आम्हांला आमच्या ब्लँकेटातच राहू द्या, अशी विनवणी करीत. टिकाऊपणाची मागणी येथे तंतोतंत पुरी झालेली होती, पण उघड्या जखमेला ते कापड सोसत नव्हते. नाइटिंगेलबाईंनी तेथे ज्या गोष्टी प्रथम उभारल्या त्यांत धुलाईघर होते. एक घर भाड्याने घेऊन त्यांनी पाणी तापवण्याची भांडी बसवली आणि शिपायांच्या बायकांना कपडे धुण्याच्या कामावर लावले. हातात दिवा घेतलेल्या बाईचे चित्र सर्वांना आठवते, धुलाईघर कुणाला आठवत नाही. शिपायांच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व दिव्यापेक्षा कमी नसावे.

१८५९ साली लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात त्यांनी खाट व अंथरूण यांना एक प्रकरण दिले. त्यातला विचार थोडक्यात असा आहे. निरोगी माणूस चोवीस तासांत श्वासावाटे व त्वचेवाटे किमान तीन पाइंट, म्हणजे सुमारे पावणेदोन लिटर ओलावा बाहेर टाकतो; आजाऱ्याचा ओलावा अधिक दूषित असतो. हा ओलावा अंथरुणात मुरतो आणि रोगी रात्रंदिवस त्यातच पडून राहतो. नुकत्याच धुतलेल्या चादरीचा निर्मळ ओलेपणा घालवण्यासाठी लोक ती शेकोटीपुढे धरतात, पण वापरलेल्या चादरीतला घाणेरडा ओलेपणा घालवावा हे कुणाच्या मनात येत नाही, असे त्या बजावतात. म्हणून खाट लोखंडी असावी, तिला हवा खेळेल अशा स्प्रिंगा असाव्यात, वर घोड्याच्या केसांची एकच पातळ गादी असावी. खाटेला झालर नको. पांघरूण हलक्या लोकरीचे असावे, जड व हवाबंद सुती पलंगपोस नको. खाट साडेतीन फुटांपेक्षा रुंद नको आणि सोफ्यापेक्षा उंच नको. ती भिंतीला टेकवू नये, म्हणजे शुश्रूषा करणारीला दोन्ही बाजूंनी रोग्यापर्यंत पोहोचता येईल.

या सूचनांत आम्हांला एक गोष्ट फार मोलाची वाटते. प्रत्येक माप माणसाच्या हालचालीतून आलेले आहे. उंची का कमी, तर रोग्याला खाली उतरता यावे आणि खिडकीबाहेरचे दिसावे म्हणून. रुंदी का कमी, तर परिचारिकेचा हात पोहोचावा म्हणून. तनों यांनी माणसाच्या वाट्याला येणारी जागा मोजली होती. नाइटिंगेलबाई त्याच्या भोवतीची, त्याच्यापर्यंत येणाऱ्या हातांची जागा मोजतात. लोखंडाचा आग्रहही त्याच हिशेबातला आहे. लाकडी खाटेच्या सांध्यांत ढेकूण घर करतात, हे आपल्याकडे ज्याने खाट अंगणात आपटून तिच्यावर कढत पाणी ओतलेले पाहिले आहे त्याला निराळे सांगायला नको.

नाइटिंगेलबाईंची उपपत्ती मात्र चुकीची होती. रोग दूषित हवेतून, कुजट वाफांतून उद्भवतो असे त्या मानीत. पण चुकीच्या उपपत्तीतून योग्य अंथरूण निघाले, कारण त्यांचे निरीक्षण खरे होते. तिकडे पेश्त शहरात इग्नाझ सेमेलवाइस यांना त्याच दशकात निराळ्या वाटेने अंथरुणापाशीच यावे लागले. व्हिएन्नातील प्रसूतिकक्षात डॉक्टरांना हात धुवायला लावून त्यांनी बाळंतज्वर आटोक्यात आणला होता. पेश्तच्या प्रसूतिगृहात ताप पुन्हा उसळला तेव्हा दोष हातांचा नव्हता. धुतलेल्या म्हणून परत आलेल्या चादरींवर आधीच्या बाळंतिणींच्या रक्ताचे डाग तसेच होते. कागदोपत्री चादर धुतली गेली होती. कागद आणि कापड यांच्यातील हे अंतर संस्थेच्या अंथरुणाचा जुनाच आजार आहे.

तुरुंगज्वराचे, म्हणजे टायफसचे, कोडे सुटायला १९०९ साल उजाडले. ट्यूनिस येथील रुग्णालयात शार्ल निकोल यांच्या ध्यानात आले की टायफसचा रोगी रुग्णालयाच्या दारापर्यंत इतरांना बाधा देतो. त्याचे कपडे उचलणाऱ्यांना आणि धुणाऱ्यांना ताप येतो. एकदा त्याला आंघोळ घालून, स्वच्छ कपडे देऊन आतल्या खाटेवर निजवले की शेजारच्या रोग्याला मात्र काही होत नाही. म्हणजे रोगाचे वाहन दाराशीच उतरवले जात होते. प्रयोगांती ते वाहन म्हणजे अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ असल्याचे सिद्ध झाले. निकोल यांना या कामासाठी १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या कथेत धुणावळीवरच्या माणसांना मिळालेली जागा आपण नीट पाहावी. रोग कुठून येतो याची साक्ष त्यांच्या देहांनी आधी दिली होती.

जंतुशास्त्र आले आणि स्वच्छता ही डोळ्यांनी व नाकाने ओळखायची गोष्ट उरली नाही. १८८१ साली कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कोरड्या गरम हवेपेक्षा वाफ जंतूंना कितीतरी लवकर मारते. त्यानंतर गाद्या संपूर्ण आत सरकतील अशा वाफेच्या कोठ्या मोठ्या रुग्णालयांत आल्या आणि गादीच्या रचनेला नवी परीक्षा लागू झाली. ती वाफेतून सलामत बाहेर आली पाहिजे. चिंध्यांचा पिंजलेला भुस्सा भरलेल्या स्वस्त गाद्यांचा प्रश्न तर ब्रिटनमध्ये संसदेपर्यंत गेला. १९११ च्या कायद्याने अशा भरावाला स्वच्छतेची कसोटी लावली, आणि तिच्या नियमांत एक लाख भागांत तीस भागांपेक्षा अधिक विद्राव्य क्लोरिन नसावे असे ठरले. क्लोरिन मोजायचे ते अशासाठी की घाम आणि मूत्र यांतील मीठ न धुतलेल्या चिंधीत राहते. अंथरुणातला परका माणूस प्रथमच असा प्रयोगशाळेत आकड्याच्या रूपाने पकडला गेला.

याच काळात मराठी मुलखालाही अंथरुणाच्या स्वच्छतेचा धडा मिळाला, आणि तो फार कडवट होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या आरंभी पुण्यात पसरला. रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या सुरू केल्या. आजारी माणसांना रुग्णालयात, त्यांच्या आप्तांना विलगीकरणाच्या छावणीत हलवले जाई, घरे जंतुनाशकांनी धुतली जात आणि दूषित वाटलेली चीजवस्तू, कपडे-अंथरुणे जाळली जात. त्या वर्षीच्या २२ जूनच्या रात्री काय घडले ते सर्वज्ञात आहे. उंदरावरील पिसू प्लेगचा प्रसार करते हे सिमाँ यांनी मांडले ते पुढल्या वर्षी, १८९८ साली, आणि सर्वमान्य व्हायला त्यालाही काही वर्षे लागली. तेव्हा अंथरूण जाळण्यामागचे शास्त्र अर्धवट होते, हे खरे. पण आमच्या मते रोषाचे कारण शास्त्राच्या अपुरेपणात नव्हते. वर आपण पाहिले की गोधडी ही कुणाची तरी असते, तिच्यात आजीचे लुगडे असते. ती जाळणाऱ्याच्या दृष्टीने तिचा निराळा इतिहास नव्हता, ती केवळ दूषित वस्तू होती. संस्थेच्या अंथरुणाचा कायदा त्या दिवसांत घरातल्या अंथरुणाला लावला गेला. त्याच साथीत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी वारल्या. प्लेगाशी झुंजण्याची ती दुसरी रीत होती. तिच्यात रोगी आणि त्याचे अंथरूण एकमेकांपासून वेगळे काढलेले नव्हते.

आता टिकाऊपणाकडे वळू. अंथरूण टिकावे ते कशापासून, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. उत्तर 'वापरापासून' असे वाटते. परंतु काही संस्थांत त्याचे खरे उत्तर 'झोपणाऱ्यापासून' असे आहे. जॉन कॉनली यांनी १८३९ पासून हॅनवेलच्या मनोरुग्णालयात रुग्णांना जखडून ठेवणे बंद केले, ही वैद्यकाच्या इतिहासातील मोठीच गोष्ट. मात्र साखळ्या-पट्टे गेले तेव्हा अशा रुग्णालयांत त्यांच्या बदली फाडता न येणारी, भक्कम कापडाच्या खोळीत शिवलेली जाड पांघरुणे आली. आजही अनेक देशांतील तुरुंगांत आत्महत्येचा धोका असलेल्या कैद्याला देण्यासाठी जाड, घट्ट टिपलेली, पट्ट्या काढता न येणारी रजई बनवतात. तिच्या रचनेमागे दया आहे हे नाकारता येणार नाही. त्याबरोबरच अंथरूण हा झोपणाऱ्याचा प्रतिपक्ष आहे ही कल्पनाही तिच्यात आहे. कैद्याला राठ कांबळे द्यायचे ते स्वस्त म्हणून, टिकते म्हणून, की टोचते म्हणून, याचा निवाडा करणे अनेकदा अवघड असते. वसाहतकाळातील हिंदुस्थानात या राठपणाला एक विलक्षण जोड मिळाली होती. विंडसर राजवाड्यातील वॉटर्लू दालनात सुमारे ८० फूट लांब आणि ४० फूट रुंद असा एक गालिचा आहे. तो १८९० च्या दशकात व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणला. येरवड्याच्या तुरुंगातही गालिचे विणले जात. ज्या हातांना मऊ लोकरीची जात अशी कळत होती त्या हातांच्या धन्यांचे अंथरूण मात्र नियमात बसेल तेवढेच होते.

विसाव्या शतकात स्वच्छता आणि टिकाऊपणा यांचा समेट घडवण्याचे श्रेय प्लॅस्टिकला दिले जाते. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात ज्याने रात्र काढली आहे त्याला काथ्याच्या गादीवरचे रेक्झिनचे आवरण आठवेल. ते पुसले की स्वच्छ, आणि वर्षानुवर्षे तसेच. उन्हाळ्यात पाठ चिकटते आणि चादर सरकून गोळा होते, हेही त्याबरोबर आठवेल. नाइटिंगेलबाईंनी ज्या हवाबंद आच्छादनाविरुद्ध लिहिले होते तेच जंतूंच्या भीतीने परत आले. आवरण पाणी आत जाऊ देत नाही, तसेच अंगाचा ओलावाही जाऊ देत नाही. ओल्या पाठीवर शय्याव्रणे लवकर होतात. पुढे पॉलियुरेथेनचा थर दिलेली, पाणी अडवणारी पण वाफ जाऊ देणारी लवचीक आवरणे आली आणि हा दोष पुष्कळ कमी झाला. पण त्यांनाही टाचणीएवढे भोक पडते. मग बाहेरून निर्मळ दिसणाऱ्या गादीच्या पोटात एकाचे रक्त मुरून दुसऱ्याच्या पाठीशी येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०१३ साली रुग्णालयांना सावधगिरीची सूचना द्यावी लागली ती नेमकी याबद्दल. आवरणे नियमाने तपासा आणि खराब झालेली बदला, असे तिचे सार होते. अत्याधुनिक गादीलाही शेवटी कुणीतरी उलटून पाहावे लागते.

पांघरुणांचीही गोष्ट अशीच. लोकर उबदार, पण उकळली की आटते, म्हणून रुग्णालयांतील लोकरी ब्लँकेटे क्वचितच धुतली जात आणि त्यांच्या धुळीत जंतू वाढत. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात त्यांच्या जागी जाळीदार विणीची सुती ब्लँकेटे येऊ लागली. ती उकळता येत. सध्याच्या ब्रिटिश नियमांनुसार रुग्णालयातील कापड धुताना ६५ अंश सेल्सियस तापमान किमान दहा मिनिटे किंवा ७१ अंश किमान तीन मिनिटे राखावे लागते. या प्रत्येक धुण्यात धागा थोडा मरतो. चादरीचे आयुष्य म्हणूनच वर्षांत मोजण्यापेक्षा धुण्यांत मोजणे योग्य. ती फार वर्षे टिकली तर कौतुक करण्याआधी ती कितीदा धुतली गेली हे विचारावे.

शय्याव्रणांच्या बाबतीत तर वस्तूची मर्यादा आणखी स्पष्ट होते. स्कॉटिश वैद्य नील आर्नट यांनी १८३० च्या दशकारंभी खिळून पडलेल्या रोग्यांसाठी पाण्याची गादी बनवली आणि ती कुणालाही करता यावी म्हणून तिचे पेटंट घेतले नाही. नंतर हवेच्या, जेलच्या, दाब आलटून-पालटून बदलणाऱ्या कितीतरी गाद्या आल्या. परंतु लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून स्टोक मँडव्हिल येथे कण्याला इजा झालेल्या सैनिकांना जगवले ते मुख्यतः एका साध्या शिस्तीवर. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची. ओतेल-द्यूमधल्या खाटेवर जी कूस बदलायला जागा नव्हती, ती येथे दुसऱ्यांचे हात बदलून देत होते.

२०२० साली कोविडच्या साथीने 'खाट' हा शब्द पुन्हा मोजमापाचे एकक बनवला. किती माणसे आजारी आहेत यापेक्षा किती खाटा रिकाम्या आहेत, हे आपण रोज वाचू लागलो. त्या वर्षी जुलैत दिल्लीत छतरपूर येथे उघडलेल्या दहा हजार खाटांच्या केंद्रात पुठ्ठ्याच्या खाटा होत्या. त्यांचे समर्थन असे की त्या हलक्या आहेत, लवकर जुळतात आणि वापरानंतर टाकून देता येतात. लोखंड, वाफ, रेक्झिन असा दीर्घ प्रवास करून आपण टाकून देण्यातल्या स्वच्छतेकडे, म्हणजे पेंढ्याच्या तत्त्वाकडे परतलो. त्यात गैर काही नाही. अट मात्र तीच राहते. टाकून देण्याचा दिवस कुणीतरी पाळला पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांच्या वागणुकीसाठी १९५५ साली जे किमान नियम मांडले त्यांतील एकोणिसावा नियम अंथरुणाविषयी आहे. २०१५ साली नेल्सन मंडेला यांच्या नावाने सुधारलेल्या नियमांत तो एकविसावा झाला. त्याचा आशय असा की प्रत्येक कैद्याला स्वतंत्र खाट आणि स्वतंत्र, पुरेसे अंथरूण-पांघरूण मिळावे. देताना ते स्वच्छ असावे, नीट राखले जावे आणि स्वच्छ राहील इतक्या वेळा बदलले जावे. भाषेच्या विद्यार्थ्याने या नियमाचे व्याकरण पाहावे. त्यात लोकर, कापूस, लोखंड असे एकही नाम नाही. भर आहे तो देणे, राखणे, बदलणे या क्रियापदांवर. अडीचशे वर्षांच्या खटपटीचा निष्कर्ष असा क्रियापदांत निघाला, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. स्वच्छता हा गादीच्या अंगचा गुण नाही. ते कुणीतरी कुणासाठी पुन्हा पुन्हा करायचे काम आहे. रचना उत्तम असेल तर ते काम सोपे होते, पण रचना त्याची जागा घेऊ शकत नाही.

त्याच नियमात, स्थानिक किंवा राष्ट्रीय मानकांनुसार, अशीही एक सवलत आहे आणि सारे काही तिच्यातून निसटू शकते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील तुरुंगांत क्षमतेच्या १३१.४ टक्के कैदी होते. शंभर जणांच्या जागेत एकशे एकतीस. तनों यांनी केलेला भागाकार येथे पुन्हा करावा लागतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांत एका खाटेवर दोन रुग्ण आणि दोन खाटांमधल्या जमिनीवर तिसरा, हे दृश्यही आपल्याला अपरिचित नाही. १७९३ च्या त्या हुकमाचे काम अजून शिल्लक आहे.

म्हणून 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण निजणाऱ्याला ऐकवण्याआधी संस्थेला ऐकवावी असे आम्हांला वाटते. तिने माणूस पाहून अंथरूण पसरावे. आणि आपण वाचकांनी, एखाद्या आत्मचरित्रात, तुरुंगातल्या आठवणींत किंवा रुग्णालयावरच्या कथेत खाटेचा उल्लेख आला, तर घाईने पुढे जाऊ नये. त्या खाटेवर चादर आहे का, ती कुणी बदलली, आणि निजलेल्या माणसाला कूस बदलता येते का, एवढे तरी पाहून मगच पान उलटावे.